चौथा नट

सुमनकाकूंचा फोन आला तेव्हा मी नागपुरात एका मोर्चाच्या पत्रकाचं प्रूफ तपासत होते. काकू फोनवर रडल्या नाहीत. "तुहे काका गेले व. जेवले, आडवे झाले, आन मंग उठलेच नाई." मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. मग त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "आन चौथा नट अजून निंगाला नाई."

ज्यांनी दिनकरकाकांना पाहिलं नाही त्यांना ही दुसरी बातमी विचित्र वाटेल. मला मात्र रडू फुटलं ते त्या वाक्यानं. वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या घरापुढे त्यांची जुनी पांढरी गाडी कितीतरी दिवस एका बसक्या चाकावर उभी होती. त्या चाकाचे तीन नट निघाले होते आणि चौथा हटून बसला होता. काका रोज सकाळी चहा घेऊन त्याच्याशी लढायला बसत. आयुष्यात त्यांनी अर्धवट टाकलेली, माझ्या माहितीतली, ही एकच लढाई.

काका माझे सख्खे कुणी नव्हते. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत होती, एवढंच नातं. आंजी मोठी या गावाला त्यांचं वावर होतं. तिथे वांगी, कोबी आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, पिकायची आणि नालवाडीच्या घरात पत्रकं पिकायची. हुंड्यावर, लग्नातल्या डीजेवर, डांबर खाणाऱ्या कंत्राटदारांवर, आणि एकदा तर पत्रकं न वाचणाऱ्या जनतेवर. भाजी आणि पत्रकं एकाच गाडीतून बाजारात जायची. वांग्यांबरोबर पत्रक फुकट असायचं. गिऱ्हाईक वांगी उलटीसुलटी करून नीट पाहायचं, पत्रक तसंच पिशवीत कोंबायचं. उरलेली पत्रकं काका मला द्यायचे. माझी बाराखडी मी त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर गिरवली, त्यामुळे पान उलटलं की मागे कुणाचा ना कुणाचा जाहीर निषेध असायचा. आजही कुठे अन्याय दिसला की मला आधी सांबाराचा वास येतो.

नटांची गोष्ट सुरू झाली ती मी शाळेत असताना. एका पंक्चरवाल्यानं चाक बसवलं आणि नट आवळायचे राहिले. आंजीहून वर्ध्याला येताना पुढचं डावं चाक सुटलं. काका सांगायचे, "मी ब्रेक मारून राह्यलो, आन माहंच चाक मले ओव्हरटेक करून राह्यलं." ते चाक रस्ता ओलांडून कुणाच्या तरी पऱ्हाटीच्या वावरात जाऊन आडवं झालं. दुसरा माणूस पंक्चरवाल्याला शिव्या देऊन मोकळा झाला असता. काकांनी पत्रक काढलं. 'चाक सर्वांचे, जबाबदारी सर्वांची.' त्यात त्यांनी नियम मांडला आणि दुसऱ्या दिवसापासून पाळायला घेतला. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकानं निघण्याआधी एक नट आवळायचा. भरवसा कुणावर टाकायचा नाही, मेकॅनिकवर नाही आणि नशिबावर तर मुळीच नाही.

मला तेव्हा हे फार थोर वाटायचं. अजूनही थोडं वाटतं. पण नियम पाळायची काकांची पद्धत अघोरी होती. ते पाना नटावर चढवून देत आणि शेजारी उभे राहून म्हणत, "अजून. अजून. हात दुखला म्हणजे आवळला असं नाई." हातानं भागलं नाही तर पाय. पायानं भागलं नाही तर स्वतः पान्यावर उभे राहून दोन उड्या. भाषणाला आलेले इस्त्रीच्या कपड्यांतले प्राध्यापक, सोयरीक पाहायला निघालेले पाहुणे, आजारपणातून उठलेले माझे आजोबा, सगळ्यांनी त्या गाडीचे नट आवळलेले आहेत. आवळायला अख्खी नालवाडी होती. ते सुटतात का हे पाहायला कुणीच नव्हतं.

आणि या नियमाच्या पोटातून दुसरा नियम निघाला. काकूंनी सिंदी मेघे गावच्या एका ड्रायव्हिंग क्लासमध्ये गाडी शिकून लायसन काढलं, तेव्हा काकांनीच गल्लीत पेढे वाटले. 'स्टिअरिंग तिच्याही हाती' असं पत्रकही छापलं. फक्त किल्ली दिली नाही. "ज्याले चाक बदलता येते त्यानंच गाडी चालवाव. बाई असो का बाप्या. नियम सगळ्याले एक." ऐकायला निर्दोष. काकूंनी त्याच दिवशी पदर खोचला आणि पाना घेऊन चाकाशी बसल्या. नट हलला नाही. पुढेही अधूनमधून त्या बसत, नट हलत नसे. काका सभेला गेले की काकू वांग्यांचे क्रेट ऑटोत कोंबून, स्वतः त्यांच्यावर अर्ध्या बसून बाजार गाठत. आपली भाजी आपल्या वेळेला आपल्या गाडीतून न्यायची, एवढंच त्यांना हवं होतं. ऑटोवाला यायचा तेव्हा ठोक घेणारे व्यापारी निघून गेलेले असायचे.

मी कॉलेजात गेले, भांडायला शिकले, आणि पहिलं भांडण गुरूशीच केलं. "काका, नियम समान आहे. नट समान नाही. तुम्ही उड्या मारून आवळलेला नट काकूंनी हातानं सोडवायचा, याला समानता म्हणत नाहीत."

काकांनी चष्मा काढून पुसला. मुद्दा आवडला की ते चष्मा पुसत. "मुद्दा सोळा आणे खरा हाय. पण चाक सुटलं का मुद्दा चाकाबरोबर वावरात जाते."

आतून काकू म्हणाल्या, "मी बदलतो ना चाक. तुमी त्या नटावर नाचनं तं सोडा पयले."

त्यांनी सोडलं नाही. एवढ्या पुरोगामी माणसाला ही एक गोष्ट इतकी वर्षं कशी दिसली नाही, याचा राग मला त्यांच्या फोटोसमोर उभी असतानाही येत होता.

आमची शेवटची भेट त्या बसक्या चाकापाशीच झाली. पंक्चर अंगणातच झालं होतं. काकांनी घाईनं आधी जॅक लावला, मग नटाला हात घातला. नट जागीच, अख्खं चाकच फिरायला लागलं. तेव्हा गाडी पुन्हा खाली उतरवली. तीन नट पाइप लावून, घामाघूम होऊन निघाले. चौथ्यावर पाना घसरला, पुन्हा घसरला, आणि नटाचे सगळे कोपरे झिजून तो गोटीसारखा गोल झाला. मी पोहोचले तेव्हा काका छिन्नी-हातोडा घेऊन त्याच्याशी बोलत होते.

"हा नट हुकूमशाही वृत्तीचा हाय," ते मला म्हणाले.

"त्याला तसा कुणी बनवला, काका?"

"परिस्थितीनं."

"परिस्थितीचं वजन पंच्याहत्तर किलो हाय," काकू चहा ठेवत म्हणाल्या.

काका हसले आणि हसता हसता धापा टाकत चाकाला टेकून खाली बसले. मी टायरवाल्याला बोलावू का विचारलं, तर त्यांनी मान हलवली. मग काकूंकडे न पाहता म्हणाले, "सुमन, आता मलेच चाक बदलता येत नाई. मंग गाडी कोन चालवाव?" शर्टाच्या खिशातून किल्ली काढून त्यांनी बॉनेटवर ठेवली. आयुष्यभर पत्रकांतून माफी मागायला लावणाऱ्या माणसाची माफी मागायची ही रीत असावी.

काकूंनी किल्लीकडे पाहिलं. उचलली नाही. "नट निंगू द्या. मंग घेतो. मेहरबानी नको मले."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो फोन आला.

काकांनी तेरवीविरुद्ध पत्रक काढलेलं असल्यामुळे तेरवी करायची कुणाची हिंमत नव्हती. अंगणात मांडव टाकून आठवणींची सभा ठेवली. काकांचा पुतण्या विलास धावपळ करत होता. मनानं चांगला, पण जे अडतं ते विकून टाकायचं अशा स्वभावाचा. त्यानं भंगारवाला ठरवून ठेवला होता. "काकू, दुपारी तो क्रेन घेऊन येऊन राह्यला. चाक निंगत नाई, चालवाले मानूस नाई. ठेवून करता काय?"

"सभा तं होऊ दे," काकू म्हणाल्या.

सभा सुरू झाली. पहिले वक्ते काकांच्या लढाऊ बाण्यावर बोलत असताना मागच्या रांगेतला एक माणूस उठून गाडीकडे गेला. सगळ्यांनाच ठाऊक होतं की नट अडलाय, आणि प्रत्येक पुरुषाला मनातून वाटत होतं की आपल्याला निघेल. थोड्या वेळानं तो हात चोळत परतला, तर दुसरा उठला. वक्ते 'त्यांनी कधी माघार घेतली नाही' म्हणायचे आणि मागून खण्ण असा आवाज यायचा. प्राध्यापक मोबाइलवर व्हिडिओ पाहून गेले आणि अंगठ्याला रुमाल बांधून आले. मी बोलायला उभी राहिले तेव्हा अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. जनता कुठे आहे हे मला नेहमीच उशिरा कळतं.

मग काकू उठल्या. गाडीपाशी जाऊन त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं. काका गेल्यापासून त्या रोज, काकांच्या डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीनं, त्या नटावर थेंबथेंब डिझेल सोडत होत्या, हे मला तेव्हा कळलं. टायरवाल्याकडून त्यांनी नटापेक्षा किंचित लहान गोटी, म्हणजे नटावर टोपीसारखा बसणारा पोकळ पाना, आणली होती. ती त्यांनी हातोड्यानं त्या गोल नटावर ठोकून ठोकून बसवली, मागे दांडा अडकवला, दांड्यावर वावरातल्या पाण्याच्या मोटारीचा लांब लोखंडी पाइप चढवला. आणि मांडवाकडे वळल्या.

"ज्यायनं ज्यायनं ह्या गाडीचा नट आवळला त्यायनं उठा."

एकदोघे उठले, मग सगळा मांडवच उठला. मला राहवलं नाही. हळूच म्हणाले, "काकू, नियम? तुम्ही एकट्यानं काढायचा होता ना?"

"हे तरी एकटे आवळत होते का व?"

मी पाइप धरला. माझ्यापुढे काकू, मागे प्राध्यापक, त्यांच्या मागे विलास, आणि मग हात मिळेल तिथे नालवाडी. काकू म्हणाल्या, "ओढा." काही झालं नाही. "अजून," काकू म्हणाल्या, आणि तो शब्द ऐकून सगळे क्षणभर थांबले... "अजून." मोठं हाड मोडावं तसा कडाड आवाज आला आणि आम्ही सगळे एकमेकांवर कोसळलो. प्राध्यापक विलासवर, मी प्राध्यापकांवर. मला वाटलं बोल्ट तुटला. धूळ खाली बसली तेव्हा काकू उकिडव्या बसून चौथा नट बोटांनी फिरवत होत्या. तो आरामात निघत होता, जसा काही रोजच निघतो.

पुढचं कुणाला करू दिलं नाही. जॅक त्यांनी लावला, स्टेपनी त्यांनी चढवली. शेवटी पदराला हात पुसून आत गेल्या आणि काकांच्या फोटोपुढून किल्ली उचलून आणली. विलासनं कपडे झटकत फोन काढला आणि भंगारवाल्याला सांगितलं, "नको येऊ गा. गाडीले मानूस भेटलं."

गेल्या रविवारी मी नालवाडीला गेले होते. पहाटे काकू आंजीहून कोबी भरून आल्या होत्या, आता बाजारात निघत होत्या. म्हणाल्या, चल. चारही नट नवे आहेत. जुना गोल नट समोर काचेपाशी उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवलाय. मी दार उघडून बसणार, तोच त्यांनी सीटखालून पाना काढून माझ्या हातात दिला. "बसतं काय? नियम हाय ना."

मी उतरले. डाव्या चाकाच्या नटाला पाना लावला, हातानं आवळला. पुरेसा होता. तरी बालपणापासूनची सवय... मी पान्यावर पाय ठेवला आणि उडीसाठी अंग उचललं.

आतून हॉर्न वाजला, लांबलचक. मी पाय खाली घेतला.