किक, बेस आणि आबांची खाट

कुपवाडला एका लहान कारखान्यात मी लेथवर काम करतो आणि उरलेल्या वेळात लॅपटॉपवर संगीत बनवतो. त्यात शब्द नसतात, नुसतं नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत असतं. आमच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत मधोमध माझं टेबल आहे आणि त्यावर दोन स्पीकर. ती खोली देताना बायकोनं एकच अट घातली होती. कोपऱ्यातली लोखंडी खाट हलवायची नाही, पाहुणा आला की तिथंच झोपणार.

माझी थोरली बहीण खंडाळ्याकडं एका शाळेत खेळ शिकवते. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी तिला वेगळं लेझीम बसवायचं होतं. चोवीस मुली, हातात लेझीम आणि मागं हलगीऐवजी माझं संगीत. मी महिनाभर खपून पाच मिनिटांचा तुकडा तयार केला आणि मोठ्या ऐटीत तिला पाठवला.

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. सुरुवातीचं मिनिटभर मुली झकास नाचतात, म्हणाली, पण पुढं सगळ्यांचे पाय चुकतात. ठोका ऐकूच येत नाही, नुसती घरघर येते. मी शाळेच्या स्पीकरना दोष दिला. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "त्याच स्पीकरवर मी दहा वर्षं कवायत घेतीय."

या संगीताच्या तळाशी दोन आवाज असतात. एक किक, म्हणजे ढोलावरच्या थापेसारखा ठोका. त्यावर नाचणाऱ्याचा पाय पडतो. दुसरा बेस, म्हणजे त्याच्याबरोबर चालणारा जाड, खोल सूर. दोघांना जागा जवळजवळ एकच लागते. नीट बसवले नाहीत तर बेस किकला गिळून टाकतो. माझ्या तुकड्यात बेस एका मिनिटानंतर यायचा आणि मुली तिथंच चुकत होत्या. म्हणजे दुखणं कुठं आहे ते कळलं होतं. पण माझ्या खुर्चीत बसून ऐकलं की दोन्ही आवाज छान वेगळे यायचे. दुरुस्त काय करायचं? मी किक वाढवली तर तिचा आवाज फाटला. आणखी वाढवली तर बायको दारात येऊन उभी राहिली.

त्याच आठवड्यात माझे वडील मेढ्याजवळच्या आमच्या गावाहून आले. आबांचं सांगलीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आठ दिवस ते आमच्याकडं राहिले. आबांची सगळी नोकरी फौजेत, तोफखान्यात गेली. तोफांनी त्यांचे कान नेले. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, माझ्या लेकीचं बारीक बोलणं, यातलं काही त्यांना ऐकू येत नाही. त्यामुळं ते खाटेवर काळा चष्मा लावून बसले असतानाही मी बिनधास्त स्पीकर लावायचो. त्यांना कसला त्रास होणार, असं मला वाटायचं.

तिसऱ्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, मी तोच तुकडा पाचव्यांदा लावला तेव्हा आबा म्हणाले, "ह्ये मधीच बंद का पडतंय रं?"

मी म्हटलं, बंद कुठं पडतंय, चालू आहे. ते म्हणाले, चालू हाय, पण ठोका जातो. आधी एकेक ठोका मोजता येतो, मग रणगाडा आल्यासारखं सगळं एकच होतं.

ज्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही त्यांनी मला ठोक्याचं सांगावं, हे मला काही पटलं नाही. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "आबा, मला तर हितं साफ ऐकू येतंय."

"तू तितं बसलायस. हितं येऊन बस की."

त्यांचं मन राखायला म्हणून मी उठलो आणि खाटेवर त्यांच्या शेजारी बसलो. मिनिटभरानं बेस सुरू झाला आणि माझं तोंड उघडंच राहिलं. ताई फोनवर म्हणाली होती ती घरघर, हीच. मी पुन्हा खुर्चीत गेलो तर घरघर गायब. परत खाटेवर आलो तर हजर. चारपाच वेळा अशी ये-जा केल्यावर आबांनी विचारलं की पाठ धरली आहे का.

झालं होतं ते असं. खोलीच्या मधोमध, जिथं मी बसायचो, तिथं जाड आवाज भिंतींवरून परत येऊन एकमेकांना मारत होते. मला बेस कमी ऐकू यायचा म्हणून मी तो महिनाभर वाढवत राहिलो होतो. कोपऱ्यात मात्र त्याचं खरं रूप दिसत होतं. आणि आबांचे बारीक आवाज गेलेले असले तरी जाड आवाज शाबूत होते. उलट मधे दुसरं काहीच नसल्यामुळं त्यांना तेवढेच दोन ऐकू येत होते.

मग आम्ही कामाला लागलो. आबा खाटेच्या दांडीवर बोटानं ठोका धरायचे आणि मी स्पीकरकडं न बघता त्यांच्या बोटाकडं बघायचो. बोट अडखळलं की तिथं चुकलं. आधी बेस उतरवला. मग किकची मागं रेंगाळणारी शेपटी कापली. तरी दोन ठिकाणी बोट थांबायचंच. शेवटी अशी सोय केली की प्रत्येक ठोक्याला बेस पापणी लवण्याइतका वेळ आपोआप खाली बसेल आणि लगेच वर येईल. लावलं, तर आबांचं बोट पहिल्यापासून शेवटपर्यंत कवायतीसारखं चाललं. त्यांची मानही हलायला लागली तशी बायको दारातून म्हणाली, "आवं मामंजी, डॉक्टरांनी मान हलवू नका म्हणून सांगितलंय."

संमेलनाला मी आबांना घेऊन खंडाळ्याला गेलो. डोळा बरा झाला होता. मैदानावर मुली रांगेत उभ्या राहिल्या, पहिलं मिनिट गेलं आणि बेस आला. मी मुलींच्या पायांकडं बघायचं धाडस केलं नाही; ताईच्या तोंडाकडं बघत राहिलो. ती हसली तेव्हा मी खाली बघितलं. चोवीस जणींचे पाय एकदम पडत होते.

कार्यक्रम संपल्यावर आबा मला म्हणाले, "ठोका ब्येस व्हता. पण पोरींच्या हातातली लेझमं वाजत व्हती का?"

मी म्हटलं, लय वाजत होती. त्यांना त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं आणि गलबलून आलं. ते मात्र खुशीत होते. पोरी चुकल्या न्हाईत, हे त्यांनी ताईला तीनदा सांगितलं आणि चहाबरोबर दोन वडे खाल्ले.

आता नवीन काही बनवलं की मी त्यांना मेढ्याला फोनवर पाठवतो. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचा आवाज येतच नाही, त्यामुळं ते मत देत नाहीत. गेल्या आठवड्यात एक तुकडा पाठवला, तर त्यांचा उलटा फोन आला. ह्यात कायबी न्हाई, म्हणाले, ऊस तुटून गेला की मीच येतो, तवर कुणाला देऊ नको.