तपासणीच्या दिवसाची पांघरुणं

माझी आत्या सरकारी वृद्धाश्रम तपासते. पण ती सरकारची माणूस नाही हं, स्वतंत्र मंडळाची आहे. न सांगता जायचं, बघायचं, दिसेल ते लिहायचं. एका आश्रमाबद्दल ती दर वर्षी ‘उत्तम’ लिहीत आली होती.

तिथले अधीक्षक नाकात बोलतात आणि शेवटचा शब्द ताणतात. “अरे वाऽ, मॅडम! आम्ही अगदी बेसावधऽ!” बेसावध माणसाच्या शर्टाची इस्त्री मात्र अजून गरम.

या थंडीत आत्या पुन्हा गेली. खाटांची रांग, प्रत्येक खाटेवर जाडजूड निळं पांघरूण. कोपऱ्यातल्या आजींनी तिचं मनगट धरलं.

“बाई, आज मुक्कामच कर ना गं.”

“का हो, आजी?”

“तू गेलीस की हे काढून नेतात.”

आत्याला वाटलं, वयामुळे बरळत असतील. “अहो, मी येणार हे त्यांना कळतं कसं?”

“तुझा ड्रायव्हर फोन करतो की!”

आत्या तडक बाहेर. ड्रायव्हरकाका गाडीची काच पुसत होते. त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत.

“हो, मीच करतो. मंडळाला कुठे गाडी आहे? ही आश्रमाच्याच खात्याची. आणि फाटक बंद असलं तर तुम्हालाच ताटकळावं लागतं ना, ताई!” वर शाबासकीची वाट बघत हसले.

आत्याने काकांना गाडी घेऊन परत पाठवलं. अधीक्षकांनी पडवीतूनच रिकाम्या गाडीला वाकून नमस्कार केला. इकडे आत्या आजींशेजारच्या मोकळ्या खाटेवर डोक्यावरून पांघरूण घेऊन आडवी झाली.

लगेच ढकलगाडीची कुरकुर आली, पाठोपाठ शिपायाचा आवाज. “चला, चला, मॅडम कटल्या! सोडा, आजी. दर वेळी काय हो तुमचं नाटक?”

आणि आत्याच्याच अंगावरचं पांघरूण सर्रकन ओढलं गेलं.

शिपायाने आ वासला. आजी चुकत असतील, ही आत्याची शेवटची आशा पांघरुणाबरोबर गेली होती.

अधीक्षक धापा टाकत आले. “धुवायलाऽ, मॅडम, धुवायलाऽ!”

“परत घाला,” आत्या कशीबशी म्हणाली. “सगळ्यांना.”

आजींनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. “आणि उद्या?”

आत्याला अधिकार फक्त लिहायचा. कुणाचा हात धरायचा नाही. तिने पाय खाटेवर घेतले आणि मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला.

“साहेब, तुम्ही स्वतः येईपर्यंत मी इथून हलत नाही. आणि हो, बसने या.”