चार मात्रांची जागा

मी चपलांपाशी बसले होते आणि आत बुवा माझी चीज गात होते.

नगरच्या एका वकिलांचा दिवाणखाना. दुपारची बैठक, राग भीमपलास. त्या वर्षी मोठमोठे पुढारी नगरच्या किल्ल्यात कैद होते, म्हणून गाणं सुरू होण्याआधी स्वातंत्र्यावर बरंच बोलणं झालं. मी ते उंबऱ्याबाहेरून ऐकलं. ख्रिस्ती होऊन आमच्या तीन पिढ्या झाल्या होत्या, मिशनच्या शाळेत मी मुलींना गाणं शिकवत होते, तरी आमची जुनी जात सगळ्यांना पाठ होती. बुवांकडे चार वर्षं शिकले, तेही ओसरीवर बसून. तंबोऱ्याला हात लावायचा नाही. "तुझा गळा आत येऊ दे, तू बाहेर बस," असं ते हसत म्हणायचे. मीही हसायची. हसले नाही तर शिकवणी बंद होईल, ही भीती.

चीज माझी होती. शब्द माझे, चाल माझी. विहिरीच्या चौथऱ्याच्या पायऱ्यांखाली रिकामी घागर घेऊन एक बाई उभी आहे. वरून कुणीतरी पाणी ओतेल म्हणून ताटकळते आहे. चीज बांधणारा अंतऱ्यात आपलं नाव गुंफतो, त्याला मुद्रा म्हणतात. ती जागा मी मोकळी ठेवली होती. चार मात्रा, तिथं शब्द नाही, नुसता ‘आ’. आपण नाव घालावं म्हणजे फारच झालं, असं माझं मलाच वाटलं. बुवांनी पाहावी म्हणून वही तशीच त्यांच्या उंबऱ्यावर ठेवली.

अंतरा आला. त्या चार मात्रांत बुवांनी स्वतःचं नाव बसवलं. अगदी चपखल.

"वाहवा! चीज कुणाची, बुवा?" वकिलांनी विचारलं.

"आपलीच. कृष्णाची वाट पाहणारी गोपी आहे."

गोपी नव्हती ती. माझी आई होती.

बुवांनी दाराकडे मान वळवली. "ती बाहेर बसलीय ना, मिशनची, तिलाही येते बरं का ही चीज. ऐकून ऐकून पोपटसुद्धा शिकतो."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

केडगावला घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"गप ऱ्हा, पोरी. दुसरं कोन शिकवील तुला? भांडलीस आन् शाळंत कळलं तर नोकरी बी जाईल."

खरंच होतं ते. मग तिनंच विचारलं, "घागरवाली बाई कोन म्हनले ते?"

"गोपी."

तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. "मग मी कुठं गेले त्यातनं?"

मी तवा चुलीवरून खाली उतरवला.

दुसऱ्या दिवशी शिकवणीला गेले. आत चार-पाच शिष्य बसले होते. त्यांना ती चीज बसत नव्हती. बुवा म्हणाले, "ए, यांना तो अंतरा म्हणून दाखव गं."

सुरुवात केली ती थरथरत्या आवाजात. चार मात्रा जवळ येत होत्या आणि मला पळून जावंसं वाटत होतं. तिथं मी माझं नाव घातलं. तीन अक्षरांचं नाव. सूर चिरकला, पण सम चुकली नाही.

तबला थांबला.

"कुणाचं नाव घेतलंस?"

"चीज जिची, तिचं."

"पुन्हा म्हण. नीट."

मी पुन्हा म्हटलं. माझंच नाव. या वेळी सूर चिरकला नाही.

बुवांनी माझी वही अंगणात भिरकावली. "चालती हो. या नगरात तुला कुणी दारात उभं करणार नाही."

त्यांनी शब्द खरा केला. कुणीही उभं केलं नाही. त्या दिवशी मी वही झटकली, त्या चार मात्रांखाली पेन्सिलीनं नाव लिहिलं आणि केडगावपर्यंत पायी आले. वाटभर रडत होते, खोटं कशाला सांगू?

भीती गेलेली नाही. अजूनही अंतरा आला की छाती धडधडते. धडधडू दे. त्यानंतर मी एकही चीज मोकळी जागा ठेवून लिहिली नाही आणि लिहिणार नाही. ज्याला माझी चीज गायची आहे, त्यानं माझं नाव तोंडात घ्यावं. घ्यायचं नसेल, तर गाऊ नये.