ओक्सकाकांची शर्यत

आमच्या ओक्सकाकांनी कधी रेसकोर्स पाहिला नव्हता, पण इंग्लंडातली ओक्सची शर्यत त्यांना स्वतःच्या लग्नासारखी आठवायची. काका म्हणजे, मुलांनो, माझ्या वडिलांचे, तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. भवानी पेठेत त्यांचं चादरींचं दुकान होतं. गिऱ्हाईक भाव विचारी आणि काका घडी उलगडता उलगडता त्याला अडीचशे वर्षं मागे नेत. एका लॉर्डाचं गावाबाहेरचं घर, तिथे जमलेले पाहुणे आणि फक्त तरुण माद्यांसाठी ठरलेली शर्यत. त्या घराचंच नाव शर्यतीला मिळालं.

आवडता नियम ते शेवटी सांगत. "घोडी डर्बीच्या शर्यतीत पळू शकते, पण घोड्याला ओक्समध्ये प्रवेश नाही." हे सांगताना घरातल्या मुलींकडे असं बघत, जणू तो नियम स्वतः काकांनीच केला. पैज मात्र कधी लावली नाही. "पैसा लावला की घोडी दिसत नाही, आकडाच दिसतो," म्हणत.

करमाळ्याकडे त्यांची सासुरवाडी. तिथल्या जत्रेत शर्यती होत, पण नर घोड्यांच्याच. तिथे एक ओक्स व्हावी, हा काकांचा ध्यास. जत्रेचे प्रमुख अण्णा दर वर्षी हसून टाळत. शेवटी एकदा म्हणाले, "घ्या दाजी. पर हसं झालं तर पुन्ना नाव काढायचं न्हाय."

काकांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं : फक्त माद्या. वयाची अट लिहायची राहिली. इंग्लंडात तीन वर्षांचीच घोडी चालते, हे दुकानात येईल त्याला ऐकवणारा माणूस ऐन वेळी विसरला.

पाच घोड्या सुटल्या. टेंभुर्णीच्या रशीदभाईंची काळी घोडी बघता बघता पुढे गेली. काका दोरीला धरून उड्या मारत होते, तेही साठीत. एवढ्यात गर्दीमागून बारीक खिंकाळणं ऐकू आलं. काळी घोडी जागीच थांबली. तिचं शिंगरू दावं तोडून धावत आलं आणि मैदानाच्या मधोमध दूध पिऊ लागलं. बाकीच्या घोड्या बाजूने निघून गेल्या. रशीदभाईंनी लगाम सैल सोडला आणि घोडीवरूनच म्हणाले, "अब पीने देव उसकू." मग हशा असा उसळला की पहिली कोण आली, हे कुणी पाहिलंच नाही.

काकांचा चेहरा उतरला. पुन्हा ओक्स होणार नाही, हे आम्ही सगळेच धरून चाललो. अण्णा आले ते डोळे पुसत. हसून हसून पाणी आलं होतं. "दाजी, फुडच्या साली बी घ्यायची. लई मजा आली. फकस्त बाळंतिणीला सुट्टी द्या की."

त्यानंतर काकांनी एकही ओक्स चुकवली नाही. गेल्या वर्षी ते गेले. यंदा मी मुद्दाम जत्रेला गेले. माईक अण्णांच्या हातात होता. त्यांनी शर्यतीचा इतिहास सांगितला. लॉर्ड, पाहुणे, घर, सगळं बरोबर. मग म्हणाले, "आन् त्या पैल्या ओक्सला लॉर्डसायबाची काळी घोडी मधीच थांबली, शिंगराला पाजाया. तवापास्नं लेकुरवाळीला मनाई हाय."

चूक दिसली की माझा हात लाल पेन्सिलीकडे जातो, हे तुम्ही जाणता. या वेळी मी टाळ्या वाजवल्या.