भाजणीने भरलेला कुकर

एका लष्करी अधिकाऱ्याच्या बायकोला मी सांगितलं होतं, की तुमची भाजणी उंदरांनी खाल्ली. माझ्या ट्रकमध्ये उंदीर नव्हते. भाजणी मी खाल्ली आणि चंदीगढच्या पोलिसांनी खाल्ली. आज पन्नाशी उलटली तरी त्या निरपराध उंदरांचं मला वाईट वाटतं, म्हणून सगळं लिहून टाकतो.

पंजाबातल्या दहशतवादाची ती वर्षं. बेवारस वस्तूला हात लावू नका, असं जागोजागी लिहिलेलं असे; खाली ट्रान्झिस्टर, डबा, कुकर अशी यादीच. मी लष्करातल्या लोकांचं घरसामान ट्रकने पोचवायचो. त्या खेपेला पुण्याहून चंदीगढजवळच्या चंडीमंदिर छावणीत एका मराठी कुटुंबाचं सामान होतं. आपल्या बायका घर हलवताना कुठलंही भांडं रिकामं जाऊ देत नाहीत. या बाईंनी मोठ्या कुकरात थालीपिठाची भाजणी दाबून भरली होती. झाकण लागेना, म्हणून वरून लाल फडकं बांधलं होतं.

भर दुपारी, चंदीगढमध्ये, मनीमाजऱ्याच्या थोडं अलीकडे, मागचा टायर फुटला. आवाज केवढा झाला ते नंतर कळलं. त्या वेळी मी स्टिअरिंगमध्ये अडकलो होतो. उस्तादाने शिकवलं होतं तसं केलं. ब्रेक दाबला नाही, चाक घट्ट धरलं, वेग आपोआप उतरू दिला आणि गाडी डाव्या कडेला घेतली. इथपर्यंत माझी काही चूक नाही.

पुढचा नियम असा, की मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून चाळीस पावलांवर दगड मांडायचे आणि फांदी ठेवायची. पण चंदीगढ एवढं झाडलेलं शहर, की एक दगड सापडेना. फांदी मोडायला गेलो तर पाणी घालणारा माळी म्हणाला, "सरकारी पेड़ है जी. तोड़ना है तो दफ्तर में अर्जी दो."

मी ट्रकचं मागचं फळकं उघडलं. समोरच कुकर. जड आहे, वाऱ्याने उडणार नाही, वर आयतं लाल फडकं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. तो चाळीस पावलांवर मधोमध ठेवला आणि जॅक लावायला ट्रकखाली शिरलो.

थोड्या वेळाने रस्ता शांत झाला. एकही गाडी येईना. खूण किती चांगली चालली आहे, असं मला वाटलं. तेवढ्यात एका शिपायाने माझे पाय धरून मला बाहेर ओढलं.

"भाग. पीछे बम है. एक फट चुका है."

मी मागे पाहिलं. दूरवर गर्दी, पोलिसांची जीप, आणि मधल्या मोकळ्या रस्त्यात एकटा माझा कुकर. फुटलेला तो माझा टायर, हेही त्याच क्षणी कळलं. बोलायला हवं होतं. पण त्या दिवसांत 'बॉम्ब माझा आहे' असं पोलिसाला कोण सांगणार? मी पळालो. शिपायामागून लांबचा वळसा घेऊन गर्दीत जाऊन उभा राहिलो.

तिथे एक सफारी सूटवाले गृहस्थ सांगत होते, "मैंने खुद देखा. दो लड़के स्कूटर पर आए, रखके निकल गए."

"कौन से रंग का स्कूटर?" ठाणेदाराने विचारलं.

गृहस्थ अडखळले. आणि 'हरा' हा शब्द माझ्या तोंडून गेला. का गेला, मला आजही सांगता येत नाही. ठाणेदाराने लिहून घेतलं.

मग ठरलं, की कुकरच्या दांड्याला दोर बांधायचा आणि लांबून ओढायचा. बांधायला एक म्हातारा सरदार हवालदार पुढे झाला. त्याने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि शेजारच्या शिपायाकडे दिलं. "घर दे देना," एवढंच म्हणाला आणि दोर घेऊन चालू लागला.

भाजणीसाठी तो माणूस मरायला निघाला होता. मी ठाणेदारासमोर गेलो.

"साब," मी म्हणालो, "वो कुकर मेरा है."

ठाणेदार वळला. "तेरा? और हरा स्कूटर?"

"स्कूटर नहीं था, साब."

"था," सफारी सूटवाले म्हणाले. "मैंने देखा है."

ठाणेदाराने हवालदाराला हाक मारून थांबवलं आणि मला म्हणाला, "तेरा है तो जा, तू खोल."

मी निघालो. आणि अर्ध्या वाटेत मलाच भीती वाटायला लागली. ट्रकखाली असताना तो माझ्या नजरेआड होता. मधल्या वेळात कोणी खरंच काही ठेवलं असेल तर? डोळे मिटून फडकं सोडलं. भाजणीच होती.

हवालदार जवळ आला. मागून बाकीचे. "ये भूरा पाउडर क्या है?"

"आटा है, जी. चावल, चना, उड़द, धनिया, सब भूनके पीसा हुआ."

"खा."

मी मूठभर कोरडी तोंडात टाकली. घशात बसली, ठसका लागला आणि नाकातोंडातून भाजणीचा लोट निघाला. अख्खी पोलीस पार्टी डोकं धरून रस्त्यावर आडवी झाली.

उठल्यावर हवालदाराने चिमूटभर चाखली. "नमक नहीं है," म्हणाला आणि मूठ भरली. मग ठाणेदाराने, मग शिपायांनी. माझ्या कानाखाली एक बसली, ती नंतर, खाऊन झाल्यावर.

"निशान रखते हैं तो पास खड़े रहते हैं, लाल कपड़ा हिलाते हैं," हवालदार म्हणाला. "समझा?"

मी मान हलवली. त्याने शिपायाकडे घड्याळ मागितलं. शिपायाने ते स्वतःच्या मनगटावर बांधलं होतं. ओशाळून काढून दिलं. हवालदार पट्टा लावायला लागला, पण बोटं इतकी थरथरत होती की बक्कल बसेना. त्याने हात माझ्यापुढे केला. मी पट्टा बांधला.

"ढीला कर," तो म्हणाला. "इतना डर गया क्या?"