रुमालाखालचा पसंतीक्रम

तापीच्या दोन्ही काठांवर आमच्या साडूइतका धास्तावलेला माणूस झाला नाही. झालाच असेल तर त्याचीही पोरगी डॉक्टर व्हायला निघालेली असणार. सारंगखेड्याच्या बाजारात उधळलेला घोडा नुसत्या डोळ्यांनी उभा करणारा हा गडी, पण मेडिकल प्रवेशाची नवी सूचना आली की तांब्याभर पाणी उभ्यानेच संपवायचा. 'राम राम'च्या जागी त्याने "भो, नियम बदलना का?" सुरू केलं होतं. शेजारच्या तेराव्याला आलेल्या गुरुजींनाही त्याने हेच विचारलं! रहिवासी दाखल्याच्या प्रती इतक्या काढल्या, की शहाद्यापर्यंतचा रस्ता झाकला असता. मी म्हटलं, "अरे, एक पुरे." तर म्हणे, "आज एक. उद्या सकाळ नियम बदलना तं?"

पोरीने नंदुरबारलाच शिकावं, संध्याकाळी घरी जेवावं, एवढीच त्याची इच्छा. गुणही तेवढे होते. पण पसंतीक्रम भरायला हा स्वतः बसला. बाजारात भाव ठरतो तो रुमालाखाली बोटं दाबून, आणि मनात भरलेल्या घोड्याकडे शहाणं गिऱ्हाईक बघतसुद्धा नाही. त्याने कोकणातलं सगळ्यात लांबचं कॉलेज पहिलं टाकलं आणि नंदुरबार शेवटी! "आपलं मन समोरच्याले कळू देवानं नही!"

मला कळलं तेव्हा मुदत संपली होती. "अरे बाबा, समोर व्यापारी नाही, संगणक आहे! पहिलं मिळालं की तो पुढचं वाचतच नाही!" यादी लागेपर्यंत त्याने मिशी इतकी ओढली, की डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर लांब झाली.

लागलं. पहिलंच. समुद्राकाठचं.

स्टेशनवर तो मान वर करेना. पोरगी हळूच म्हणाली, "आप्पा, यादी उलटी शे हाई माले तवयच दिसनं व्हतं. पन माले समुद्र देखाना व्हता. मनातलं दखाडानं नही, तुम्हीच सांगतस ना?" मग त्याच्या खांद्यावरचा रुमाल तिने दोघांच्या हातांवर टाकला. आधी पाचही बोटं दाबली, मग एकाचं अर्धं पेर. साडेपाच वर्षं. मग परत नंदुरबार.

गाडी गेली तरी त्याची मूठ रुमालाखाली मिटलेलीच होती.

परवा मीच चिडवलं, "काय, नियम बदलला का?"

"रुमालखालना सौदा बदलस नही, भो," तो ऐटीत म्हणाला. मग माझ्याकडे बघत पुटपुटला, "नही ना?"