भरमाप्पांच्या वाटीतली खळ

सुताला लावायची खळ माणसाला पचते. मला हे पक्कं माहीत आहे, कारण बोरगावच्या भरमाप्पांना ती मीच वाढली, वर चमचाभर साजूक तूप सोडून.

आम्ही शहापूरचे विणकर. साडी हातमागावर चढायच्या आधी ताण्याच्या उभ्या सुताला खळ पाजतात, म्हणजे तांदळाच्या पिठाची घट्ट पेस्ट ब्रशानं लावतात. सूत कडक होतं, विणताना तुटत नाही. ही खळ शिजवायचं काम लग्न होऊन आल्यापासून माझ्याकडं आहे. (स्वयंपाक मी त्याहून बरा करते. पुढचं वाचून कोणाचा विश्वास बसणार नाही, पण करते.)

भरमाप्पा म्हणजे मोठे जैन शेतकरी. त्यांच्या लेकीचं लग्न ठरलेलं आणि मानपानाच्या सगळ्या साड्या हातमागाच्याच, त्याही पाजणी स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्यायच्या, असा त्यांचा हट्ट. हे काम मिळालं तर आमचे दोन्ही माग पावसाळ्यापर्यंत खडखडत राहणार होते. नाही मिळालं तर सासऱ्यांनी उभा केलेला माग विकायचा, हे ह्यांनी मला आधीच सांगून ठेवलेलं. त्यामुळं पाहुण्यांच्या जेवणात काही कमी पडू द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

त्यात आप्पांच्या बायकोचा, पद्माक्कांचा फोन. "वैनी, कुणाच्या घरी जेवाय बसलं की मला त्यांच्याकडचं वेगळं कायतरी लागतंय बघा. आमच्यातलं रोज हायच की."

झालं! मी खानापूरकडची, जंगलातली. मला एवढं निमित्त पुरतं.

"वाळवलेली अळंबी हाय माहेरची. रस्सा करू?"

"अळंबी आमास्नी चालत न्हाय."

"मग सुरण? चिंच घालून लई झकास होतो."

"जमिनीखालचं कायच न्हाय वैनी. कांदा न्हाय, लसूण न्हाय, बटाटा न्हाय."

"आंबील? रात्री भिजत घालते."

"शिळं न्हाय चालत."

"मग जेवल्यावर जरा मध. पोळ्याचा ताजा हाय."

"मध?" आक्का फोनवरच दचकल्या. "अवो, जीव जातात की त्यात."

माझ्या माहेरचं अख्खं जंगल त्या बाईनं बसल्या जागी साफ केलं. शेवटी उरली पेज. नारळाच्या रसात शिजवलेली, साखर-वेलची घातलेली तांदळाची गोड पेज. "ही चालतीय," आक्का म्हणाल्या, "खाल्ली न्हाय कधी. पण दिस मावळायच्या आत जेवण व्हायला पायजे बघा."

एरवी माझं खळीचं पातेलं काळंकुट्ट असतं. पण पाहुण्यांच्या नजरेला ते पडणार, म्हणून मी त्या दिवशी खळसुद्धा चकचकीत स्टीलच्या पातेल्यात शिजवली. पेजही त्याच सेटमधल्या पातेल्यात. खळीत आम्ही खोबरेल घालतो, पेजेत नारळाचा रस. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही घट्ट, दोन्हींना खोबऱ्याचा वास. ओट्यावर शेजारी शेजारी ठेवून मी म्हटलं, किती सुंदर दिसतायत!

पाहुणे दुपारी यायचे ते ऊन उतरल्यावर आले. आक्कांनी वाटेत उसाचा रस पिण्यासाठी गाडी थांबवली, मग ओल्या हरभऱ्यासाठी, मग बोरांसाठी. आता सूर्य मावळायला आलेला. हे धावत आत आले. "खळ दे लवकर. त्यांचं जेवण होईस्तोवर पाजणी सुरू करतो."

"ओट्यावर हाय, घ्या." मी पुऱ्या तळत होते, मान वळवायलाही फुरसत नव्हती. हे एक पातेलं घेऊन बोळात ताणलेल्या सुताकडं गेले. दुसरं मी वाढायला घेतलं.

आप्पांनी पहिला घास घेतला आणि थांबले. आक्कांकडं बघितलं. आक्कांनी त्यांच्याकडं बघितलं.

"कशी झालीया?" मी विचारलं.

"वेगळी हाय," आक्का सावकाश म्हणाल्या.

मी खूश. मागितलेलंच होतं ना वेगळं! आप्पांनी तर वाटी अशी निपटून साफ केली, मग तीत पाणी ओतून, बोट फिरवून तेही पिऊन टाकलं, की माझे डोळेच पाणावले. माझ्या हातचं एवढं चाटूनपुसून ह्यांनीही कधी खाल्लेलं नाही. मी दुसरा डाव घेऊन पुढं झाले. आप्पांनी वाटीवर हात आडवा धरला. पाहुणे नको नको म्हणतातच, म्हणून मी त्यांच्या बोटांच्या फटीतनं वाढलं.

ताटात पडलेलं टाकायचं नाही, अन्नाचा कणही वाया घालवायचा नाही, हा त्यांच्या घरचा नेम. तो मला माहीत असता तर! मी रिकामी वाटी दिसली की भरत होते आणि ते भरलेली दिसली की संपवत होते. हळूहळू आप्पांच्या मिशा वाळल्या आणि इस्त्री केल्यासारख्या ताठ उभ्या राहिल्या. तरी माझ्या डोक्यात उजेड पडेना.

तेवढ्यात बोळातनं ह्यांची हाक आली. "सुमे, आज खळीत काय घातलंस गं? हात चिकटाय लागलेत."

मी स्वयंपाकघरात गेले, वाढलेल्या पातेल्यात बोट बुडवून चाटलं. ना गोड ना धड. नुसतं खोबरेल. मी तशीच बोळाकडं धावले.

बाहेर येऊन बघते तर बोळभर ताणलेल्या सुताला वेलचीचा घमघमाट, आणि त्या सुतावर मुंग्या. इतक्या मुंग्या शहापुरात आहेत हे मला त्या दिवशी कळलं. ह्यांनी झटकायला फडकं उचललं, तोच मागनं आक्कांचा आवाज आला.

"अण्णा, थांबा. जीव हायत ते."

"मग काय करू आक्का?"

"खाऊन झालं की जातील."

मग काय! बोळ बंद. स्कूटरवाले तिकडं खोळंबले, शेजारणी दारात गोळा झाल्या, आणि आम्ही खुर्च्या टाकून मुंग्यांची पंगत उठायची वाट बघत बसलो.

आप्पा उठले. सुताजवळ गेले, वाकून वास घेतला. जिभेनं टाळू सोडवत कसंबसं बोलले, "वैनी, मुंग्यांस्नी पेज वाढलीसा. मग आमास्नी काय वाढलासा?"

खोटं बोलायला मला काही सुचलंच नाही. "खळ," मी म्हटलं.

हे मटकन पायरीवर बसले. मागाला गिऱ्हाईक कोण बघायचं, हे माझ्याही मनात येऊन गेलं. लाजेनं जीव नकोसा झाला होता. आक्कांनी पदर तोंडाला लावला. आप्पांनी मिशीवरनं बोट फिरवलं, ती हलेना.

"अण्णा, ह्या खळीनं सूत तुटत न्हाय म्हणता?"

"न्हाय तुटत," हे पुटपुटले.

"न्हायच तुटायचं. माझे दात अजून सुटंनात. साड्या हितंच विणायच्या."

दुसऱ्या दिवशी मुंग्या गेल्यावर ह्यांनी सगळं सूत धुऊन काढलं, आणि दोन्ही माग पावसाळ्यापर्यंत चालले. पुढं लग्नपत्रिका द्यायला दोघं घरी आली, तेव्हा मी म्हटलं, "बसा, थालीपीठ लावते."

"आज माझा उपास हाय," आक्का म्हणाल्या.

"माझाबी," आप्पा घाईनं म्हणाले.

"कसला हो उपास?"

"शहापुरात आलो की धरतो, वैनी."

आणि मी शहाणी! "मग पारण्याला काय करू?" म्हणून विचारलं.